दहापर्यंत

"सांगा आनंदराव, करंटचा काटा लाल पट्टीत गेला आणि गाडी हललीच नाही, तर?"

"दहापर्यंत मोजाचं साहेब. मंग हँडल शून्यावर. मोटर जराशी थंडी होऊ द्याची, अन् पुन्हा लावाचं."

"आणि धरून ठेवलं तर?"

"मोटर जळते."

उत्तर बिनचूक होतं. इन्स्पेक्टर कृष्णरावांनी वहीत खूण केली. आनंदरावांहून वीस वर्षांनी लहान असलेला हा नागपूरचा माणूस मनाने वाईट नव्हता. आनंदरावांना त्याने दोनदा नापास केलं होतं आणि दोन्ही वेळा चेहरा त्याचाच उतरला होता. आजची ट्रायल शेवटची. वाफेची इंजिनं महिनाअखेर बंद होणार होती आणि ज्यांना डिझेल जमलं नाही त्यांच्यासाठी शेडमध्ये कंदील पुसायचं काम काढून ठेवलं होतं. तेवीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसाने कंदील पुसायचे! आनंदरावांना नुसत्या विचारानेच मेल्याहून मेल्यासारखं होई.

सकाळी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये गिरजाबाईंनी नीळ दिलेला पांढरा सदरा काढून दिला होता. डिझेलच्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये कपडे काळे होत नाहीत, याचंच बाईला कोण कौतुक! धुण्याच्या सोड्याचा डबा त्यांनी केव्हाच वरच्या फळीवर टाकला होता आणि शेजारच्या ललिताला ऐकवलं होतं, "आता आमचे हे साहेबावानी जातेत डुटीवर."

नंदिनीच्या खाणीहून चुनखडीच्या भरलेल्या वॅगनी घेऊन निघालेली गाडी चढावरच सिग्नलला अडकली. जानेवारीची थंडी, चाकांतलं वंगण थिजलेलं. सिग्नल पडून वाट मोकळी झाली तसं आनंदरावांनी हँडल एकेक खाच पुढे घेतलं. काटा लाल पट्टीत गेला. गाडी जागची हलेना.

एक, दोन, तीन... ते चक्क ओठ हलवून मोजत होते. सातवर त्यांच्या तळपायांना कळलं. गाडी अजून हलली नव्हती, पण येत होती. वाफेच्या इंजिनावर अशा वेळी वाफ सोडायचा रेग्युलेटर धरून गप उभं राहायचं, भरल्या गाडीला वेळ द्यायचा. घाई करतो तो कच्चा ड्रायव्हर, हे त्यांनीच कितीतरी पोरांना शिकवलं होतं. मोजणं कुठे सुटलं ते त्यांना कळलंच नाही.

"सोडा! आनंदराव, सोडा!"

कृष्णरावांनी त्यांचा हात बाजूला सारून हँडल मागे ओढलं, तोवर खालून जळका वास वर आला होता.

"येऊन राहिली होती साहेब," आनंदराव म्हणाले.

"आली असती. मलाही जाणवलं. पण मोटर गेली ना."

कृष्णराव वही उघडून नुसतेच बसले. शेवटी आनंदरावच म्हणाले, "लिहा साहेब. लिहाच लागन."

दीड तासाने मदतीला वाफेचं इंजिन आलं. ड्रायव्हर देवीदास एकेकाळी आनंदरावांच्याच हाताखाली फायरमन होता. "जयभीम दादा," तो म्हणाला. वास त्याच्याही नाकात गेला. इंजिन पुढे जोडून झाल्यावर तो आपल्या जागेवरून उठला.

"या दादा, तुमीच घ्या."

"तुयी गाडी हाय बाप्पा."

"असू द्या ना. पण सदरा मळन तुमचा."

"मळू दे," आनंदराव म्हणाले आणि वर चढले.

त्यांनी रेग्युलेटर उघडला आणि धरून उभे राहिले. मागे बंद पडलेलं डिझेल, त्यामागे सगळी चुनखडी. काहीच हललं नाही. मागोमाग चढून बाजूला बसलेल्या कृष्णरावांची नजर सवयीने घड्याळाकडे गेली. चाळीस सेकंद उलटले तेव्हा कुठे साखळ्या एकामागून एक ताणल्या गेल्या आणि गाडी निघाली. कपातला चहा हिंदकळला नसता इतकी अलगद. वहीतलं लिहिलेलं काही बदलणार नव्हतं. आनंदरावांना वाटलं होतं, एवढं जमलं की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. हात अजून तसेच होते आणि एक तारखेपासून त्यांची कुणालाच गरज नव्हती.

घरी पोचले तेव्हा गिरजाबाई दारातच उभ्या होत्या. आतून शिऱ्याचा वास येत होता.

"झालं का जी?" म्हणत त्या पुढे आल्या आणि त्यांची नजर सदऱ्यावर पडली. छातीपासून बाह्यांपर्यंत कोळसा. डिझेलवर कोळसा नसतो, हे ललिताला त्यांनीच तर किती वेळा सांगितलं होतं.

"काढून द्या तो," त्या हळूच म्हणाल्या. "हात धुवा, मी शिरा वाढतो."

आनंदरावांनी मान वर केली नाही. सदरा देऊन ते बनियनवरच ओट्यावर जाऊन बसले. आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. फळीवरचा डबा खाली आला. सोडा दगडासारखा घट्ट झाला असावा, कारण गिरजाबाई तो बत्त्याने फोडू लागल्या.

आनंदराव ठोके मोजू लागले. दहाला ते बरोबर थांबले. आत ठोके चालूच होते.