सेटवर नेलेली कळलावी

मी एक जुनी कळलावी आहे. बेलापूरच्या डोंगराच्या खाडीकडच्या उतारावर, दोन दगडांच्या बेचक्यात माझा कंद आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. गोडगोड आत्मकथा ऐकायची असेल तर एखाद्या फाउंटन पेनाकडे जा.

माझं बी इथं कुणी टाकलं ते मला ठाऊक नाही. पहिले काही पावसाळे मी गवतासारखं एखादं पान काढून गप्प बसले. जमिनीखाली मात्र माझा कंद वाढत होता, नांगरासारखा वाकडा, दोन फाट्यांचा. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक कोंब असतो. ते टोक मोडलं की फाटा गेला. मग एका श्रावणात मला पहिलं फूल आलं, बुडाशी पिवळं आणि वर लालभडक. पाकळ्या अशा मागं वळलेल्या, की कुणी हाताची बोटं पसरली आहेत असं वाटावं. उन्हाळ्यात माझा वेल वाळून जातो आणि लोक म्हणतात, मेली. मी मेलेली नसते, खाली झोपलेली असते.

लोकांनी मला नावं ठेवली. मी विषारी आहे, हे खरं आहे, माझा कंद कुणी तोंडात घालू नये. पण मला घरात आणलं की घरात भांडणं होतात, हे कुठलं शास्त्र? माणसं भांडणार आपल्या स्वभावानं आणि खापर फुटणार माझ्या डोक्यावर.

एक दिवस तेवढा माझ्या मानाचा होता. खाडीकाठच्या दिवाळे गावात तेरड्याची गौर बसते आणि माझी फुलं म्हणजे त्या गौरीचे हात. त्या दिवशी मी घरात गेले तरी कुणी भांडत नाही. मासळी विकणाऱ्या चांगुणाबाई दर भादव्यात गौर यायच्या सकाळी डोंगर चढून माझ्यापाशी यायच्या. दोन फुलं खुडायच्या, मुळाला कधी हात लावायच्या नाहीत. जाताना माझ्या बुडाशी पायानं माती लोटून द्यायच्या. मला त्या फार आवडायच्या.

पुढं खाली शहर उभं राहिलं आणि उतारावर घाणेरीची झुडपं माजली. मला कुणी विचारेनासं झालं. तशात शहाण्णव साली पायथ्याच्या मोकळ्या जागेत एका मालिकेचा सेट लागला. गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीच्या एका किल्लेदाराची होती आणि त्यात किल्लेदारीणबाई गौर पुजतात असा प्रसंग होता. राजवर्धन नावाचा दिग्दर्शक होता आणि त्या काळाला शोभतील अशी रानफुलं निवडायला त्यानं मंजुषाला नेमलं होतं. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली होती.

मंजुषा कामाला चोख होती, हे मी रागातही कबूल करते. सेटवर आणलेली बोगनवेल, कॉसमॉस आणि घाणेरीची फुलं तिनं पहिल्याच दिवशी बाहेर काढली. यातलं एकही झाड त्या काळी या डोंगरावर नव्हतं, असं तिनं सांगितलं. मग ती उतारावर आली, माझ्यापुढं बसली आणि म्हणाली की गौरीला हीच हवी, हीच खरी इथली. मित्रांनो, मी फुशारले. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं.

पण राजवर्धनला कापलेली फुलं नको होती. "टेन्शन नको देऊस, मंजुषा. लाइटखाली फूल लगेच मान टाकतं. मुळासकट आण, आणि भरपूर आण." तिनं होकाराची मान हलवली. कंद किती नाजूक असतो हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी तिनं मान हलवली!

पहारी आल्या. उतारावरचा तेरडा उपटला, माझ्या सगळ्या बहिणी खणून काढल्या. माझा एक फाटा कटकन मोडला. उरलेल्या मला एका डब्यात खुपसून सेटवर नेलं. ज्या दिवशी गावात गौर येणार होती, त्याच दिवशी शूटिंग होतं. प्लास्टरच्या गौरीला हळदकुंकू लागलं, माझी फुलं तिला वाहिली, सगळ्यांनी हात जोडले. तेवढं चित्रण पार पडलं आणि पुढच्या दृश्याआधी राजवर्धनचं नायकाशी वाजलं. नायक उशिरा आला होता, दुसरं काही नाही. सामान उचलणारे साताऱ्याचे बाबासो सहज बोलून गेले, "ही येल आनलीया नव्हं हितं, मग भांडनं हुयाचीच."

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. राजवर्धननं आम्हाला तिथल्या तिथे बाहेर काढायला सांगितलं आणि गौरीपुढं प्लॅस्टिकचे गुलाब मांडले. मंजुषा विरोध करत राहिली, तर तो म्हणाला, प्रेक्षकाला काय कळतंय. मी सेटमागच्या उकिरड्यावर पडले.

तिथंच चांगुणाबाई मला भेटल्या. सकाळी उतारावर त्यांना नुसते खड्डे दिसले होते, म्हणून फुलं शोधत त्या सेटवर आल्या होत्या. त्या वर्षी त्यांच्या सुनेची, अमिताची, पहिली गौर होती आणि गौरीला हात मिळत नव्हते. मंजुषानं सगळं ऐकलं, गौरीपुढून उचलून फेकलेली माझी दोन फुलं शोधली, पुसली आणि त्यांच्यापुढं धरली. फुलं अजून ताजी होती.

चांगुणाबाईंनी हात मागं घेतला. "वाह्यलेला फूल गौरीला परत नाय चालत, बाय."

"अहो, ती गौर खोटी आहे. प्लास्टरची. नुसतं शूटिंग होतं ते."

"हलद खरी व्हती ना? सगल्यांनी हात जोरले ना तिच्या म्होरं? मंग ती गौरच झाली."

चांगुणाबाई रिकामी पाटी घेऊन गेल्या. मंजुषानं मला डब्यातून काढलं आणि हातांनी माती उकरून जुन्या जागी लावलं. माझ्या बहिणी उकिरड्यावरच वाळल्या.

पुढच्या भादव्यात एका फाट्याच्या जोरावर मी कशीबशी चार पानं काढली. फूल आलं नाही. चांगुणाबाई अमिताला घेऊन आल्या, गवत बाजूला करून पाहिलं आणि म्हणाल्या, "गेल्या साली गौर बिनहाताची बसली, आवंदा पन तशीच." त्या परत फिरल्या, तेव्हा मला मेले असते तर बरं असं वाटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मी फुलले. वेलभर फुलले! गौरीच्या सकाळी अमिता शेजारणीबरोबर उतारावरून चालली होती. शेजारणीनं माझ्याकडे बोट दाखवलं. अमिता थांबली, पाहिलं आणि म्हणाली, "आता नको गं. सासूबायनी वाशीवरनं प्लॅस्टिकचे हात आनलेत. धुऊन दर साली लावता येतात."

मित्रांनो, तुमच्या पडद्यावर सगळं खरं दिसावं असं वाटत असेल, तर जरूर वाटू द्या. फूल खुडून न्या, मी नाही म्हणत नाही. पण पहार घेऊन येऊ नका. त्या खोट्या गौरीला तुम्ही माझे खरे हात लावलेत आणि दिवाळे गावातल्या खऱ्या गौरीला आज प्लॅस्टिकचे आहेत.