आठांतला निळा खडा

थोरली बहीण बँकेत होती, आणि तीही तळघरातल्या लॉकर विभागात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिच्या हाती गेलेली वस्तू परत मिळवायला दोन किल्ल्या आणि एक सही लागते, असं घरात सगळे म्हणत. तोंडावर ती ताई होती. पाठीमागे तिजोरी.

धाकटी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे तेल लावून मोकळे करायचे आणि दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्याच हातांनी कानातली चाचपून पाहायची, ही तिची सवय. कानातली आईची होती. आईच्या जुन्या संचातला हार ताईकडे गेला आणि कानातली धाकटीकडे आली. दोन्हींत एकाच जातीचे आकाशी निळे पिरोजे आणि मोती. वाटणी भांडणाशिवाय पार पडली, कारण ती ताईनेच केली.

ताईने हार कापसात गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीतली हवा तळव्याने दाबून काढली आणि तो लॉकरमध्ये ठेवून दिला. धाकटीने कानातली कानात घातली.

हाराचे पिरोजे निळेच राहिले. कानातल्यांचे मात्र हिरवे होत गेले. सुरुवातीला दिव्याचा दोष वाटावा इतपत, मग कच्च्या पेरूसारखे, आणि शेवटी अगदी शेवाळी. प्रत्येक कानातल्यात मधोमध मोती आणि भोवती चार पिरोजे. म्हणजे एकूण आठ. त्यांतले सात हिरवे झाले. आठवा लख्ख निळा.

त्या आठव्यावर ताईचा फार जीव.

"बघा, हा एक तेवढा आईचा," भेटेल त्याला धाकटीचा कान धरून ती दाखवायची. "बाकीचे कुणीतरी हातोहात लांबवले. ही भोळी. पॉलिशला दिली असेल, परत आणताना बघितलं नसेल."

"मी पॉलिशला कधी दिलीच नाहीत, ताई."

"मग हा एकच निळा कसा राहिला?"

इथे धाकटीची बोलती बंद व्हायची. उत्तर माहीत नव्हतं म्हणून नाही. माहीत होतं म्हणून.

फार पूर्वी एकदा रुग्णालयातल्या बेसिनवर तोंड धुताना एक खडा निखळून पाण्याबरोबर गेला होता. सगळेच तेव्हा जेमतेम हिरवटायला लागले होते. धाकटीने प्लंबरला बोलावलं, पाइप उघडवला, त्यातून दोन केसांच्या पिना आणि कुणाचा तरी कृत्रिम दात निघाला, खडा काही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ताई येणार होती. धाकटीचं धाबं दणाणलं. ती रुग्णालयासमोरच्या चष्मेवाल्याकडे गेली. त्याने खोक्यात हात घातला आणि एका फॅशनच्या मोडक्या चष्म्याच्या दांडीवरची निळी काच काढून, जराशी घासून, त्या जागी चिकटवून दिली.

ताई आली, तिने चष्मा कपाळावर चढवला, कान जवळ ओढला आणि म्हणाली, "हा बघ, हा कसा टवटवीत आहे! आईच्या वेळचा रंग."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण ताईने धाकटीच्या कुठल्याही वस्तूचं कौतुक करावं असं तोवर कधी झालंच नव्हतं. धाकटी गप्प बसली, ती बसलीच.

हे सगळं असंच चाललं असतं, पण भाचीने लग्न ठरवलं. एकुलत्या एक भावाची एकुलती एक मुलगी. तिने दोन्ही आत्यांना एकदमच फोन केला. लग्न नोंदवायला जाताना मला आजीचा संच घालायचा आहे, हार आणि कानातली, दोन्ही एकत्र.

"हो गं, राणी," धाकटी म्हणाली.

"लॉकरचा दिवस बघावा लागेल," ताई म्हणाली. आणि पाठोपाठ, "ती कानातली आधी सारखी करून घ्यायला हवीत. हाराशेजारी तो हिरवा रंग म्हणजे बुरशी वाटेल. ते सात खोटे काढून निळे बसवून घेऊ. त्या एका खऱ्याशी जुळवून."

धाकटीने फोन ठेवला आणि तिचा हात कानाकडे गेला. काढले जाणार होते ते आईचे, आणि राहणार होती ती चष्म्याची दांडी.

जुन्या दागिन्यांची दुरुस्ती करणारी कारागीरबाई एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसे. खोली लहान, खिडकी मोठी. टेबलाला अर्धचंद्रासारखी खाच होती आणि तिच्याखाली कातड्याची झोळी लावलेली, हातातून निसटलेला कण जमिनीवर जाऊ नये म्हणून. पाठीमागे कपाटात चिकटपट्टी लावलेल्या डब्या होत्या. बाई पन्नाशीची, बोलायला काटकसरी.

"एक आधीच सांगते," तिने दोघींना बसायला स्टुलं दिली. "इथे मी कुठल्याही खड्याला आपण होऊन खरा-खोटा म्हणत नाही. विचाराल तेवढंच सांगते. एकदा एका सासूबाईंना न विचारता सांगितलं होतं. त्या बऱ्या आहेत, सून अजून माझ्याशी बोलत नाही."

"आम्हाला विचारायचं काही नाहीच," ताई म्हणाली. "आम्हाला माहीत आहे. हे सात काढून टाका. हा आठवा जपा. याच्यासारखे सात निळे शोधा."

कारागीरबाईने कानातलं चिमट्यात धरून भिंगाखाली नेलं. आठव्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग तिने मान वर केली आणि ताईकडे न पाहता सरळ धाकटीकडे पाहिलं.

धाकटीने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. इतक्या लक्षपूर्वक तिने चादरी कधी पाहिल्या नव्हत्या.

"हुबेहूब याच्यासारखेच हवेत?" बाईने विचारलं.

"अगदी याच्यासारखेच!"

"मिळतील. अवघड नाही." बाईने 'अवघड नाही' हे जरा सावकाश म्हटलं. "आणि काढलेल्यांचं काय करायचं?"

"ठेवायचेत कशाला? टाका."

"ताई, राहू दे ना हिरवेच," धाकटी म्हणाली. "मला आवडतात."

"तुला काय, तुला रुग्णालयातले हिरवे पडदेपण आवडायचे. प्रश्न पोरीचा आहे. चारचौघांत आईच्या नावाने नकली खडे घालून उभी राहणार का ती?"

"नकली नाहीत ते. आईचेच आहेत."

"मग हा एकच निळा कसा राहिला?"

पुन्हा तेच. धाकटीला एकदम लक्षात आलं, इतकी वर्षं आपल्याविरुद्ध साक्ष देणारा एकच साक्षीदार आहे आणि तो आपणच आणून बसवला आहे. तो बोलत नव्हता, नुसता चकाकत होता.

कारागीरबाईने दिवा जवळ ओढला. एका बारीक पोलादी हत्याराचं टोक पहिल्या हिरव्या खड्याच्या कोंदणाच्या काठाखाली गेलं. सोन्याचा काठ केसभर उचलला गेला.

"थांबा," धाकटी म्हणाली.

हत्यार थांबलं.

"तो निळा... तो काच आहे."

"कोणता निळा?" ताईने विचारलं.

"निळा एकच आहे, ताई."

मग धाकटीने सगळं सांगितलं. बेसिन, पाइप, कुणाचा तरी दात, चष्मेवाला. दात सांगायची खरं तर गरज नव्हती, पण एकदा सांगायला बसल्यावर काहीच राहू नये असं तिला वाटलं.

ताईचा चेहरा बँकेतला झाला. सही जुळत नसली की होई तसा.

"चष्म्याच्या दांडीवरची?"

"हो."

"म्हणजे मी सगळ्या नातेवाइकांना, तुझा कान धरधरून, चष्म्याची दांडी दाखवत होते?"

"दांडी नाही. दांडीवरची काच."

"आणि तू ऐकून घेत होतीस!"

"मला बरं वाटायचं," धाकटी म्हणाली. "तू माझ्याकडच्या एका तरी गोष्टीला चांगलं म्हणायचीस."

ताईने पर्स उघडली, आत पाहिलं, बंद केली.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "एक काच. मग बाकीचे सात आईचे हे मी कशावरून मानू? एक बदलला ते लपवलंस. सात बदलले असले तरी लपवशील."

धाकटीला हीच भीती होती. खडे हिरवे का झाले हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. कधीकधी रात्री आरशात पाहताना तिलाही शंका यायची की आपण झोपेत तर कुणाला देऊन आलो नाही ना.

"यांना विचार," ती म्हणाली. "विचार ना. विचारलं की सांगतात त्या."

ताई बाईकडे वळली. "हे सात काय आहेत?"

"आता विचारलंत," कारागीरबाई म्हणाली, आणि तिने तो काठ आणखी थोडा उचलला, चिमट्याने हिरवा खडा बाहेर काढला आणि पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला.

बुडाला तो निळा होता. कडेला हिरवट रेघ, आणि मध्ये स्वच्छ आकाश.

दोघी बहिणी एकाच वेळी वाकल्या आणि त्यांची डोकी एकमेकींवर आपटली.

"पिरोजा सच्छिद्र असतो," बाई सांगू लागली, आणि विचारल्यावर ती बरंच बोलते असं दिसलं. "दिसतो दगड, पण वागतो टिपकागदासारखा. तेल, क्रीम, घाम, साबण, जे लागेल ते पितो आणि हळूहळू हिरवा होतो. खालची बाजू कोंदणात बंद होती म्हणून वाचली. काच काहीच पीत नाही. ती आहे तशीच राहते. तुम्ही काय काम करत होता?"

"मालिश," धाकटी म्हणाली. "तेलाची."

"मग बरोबर. तुमच्या सगळ्या पेशंटांचं तेल आहे यात."

ताई पालथ्या खड्याकडे पाहत राहिली. तिने बोट पुढे केलं, मग आपल्याच बोटाकडे संशयाने पाहिलं, रुमालाने ते पुसलं आणि मग खड्याला स्पर्श केला. त्यानंतर जणू काही झालंच नाही अशा थाटात तिने सकाळीच लॉकरमधून आणलेला हार बाहेर काढला. प्लास्टिक, कापूस, मग हार.

"निदान हा बघा. पिशवीतून बाहेर काढलेलासुद्धा नाही कधी."

"ते दिसतंय," बाई भिंग लावत म्हणाली. "मोत्यांत थोडं पाणी असतं. हवा न लागता कापसात पडून राहिले की ते सुकतात. हे खडूसारखे झालेत, आणि या दोन मोत्यांना तडे गेलेत."

धाकटीने ओठ दाबले. तिला हसू येत होतं आणि ते दाबल्याने नाकातून बाहेर पडायला बघत होतं.

"तुम्ही फार खूश होऊ नका," बाई तिला म्हणाली. "तुमचा मोती एका बाजूने झिजलाय. घामाने."

आता ताईच्या नाकातून आवाज आला. मग दोघींना हसू आवरेना. स्टुलं फरशीवर करकरू लागली. कारागीरबाईने शांतपणे कागदावरचा खडा त्यांच्या श्वासापासून दूर सरकवला.

हसू ओसरल्यावर काय करायचं ते ठरलं. सात हिरवे जागच्या जागी राहणार. हाराच्या पिशवीला आणि कापसाला सुट्टी; मोती अंगावर घातले तरच टिकतात, असं बाई म्हणाली. राहिली काच.

"हारातला शेवटचा एक पिरोजा मानेमागे असतो," बाई म्हणाली. "तो काढून इथे बसवता येईल. मागे कुणाला दिसत नाही."

"हारातला काढायचा?" ताईने हार दोन्ही हातांनी पोटाशी धरला. काही झालं तरी ती तिजोरी होती. "नाही. काच राहू दे. इतकी वर्षं मी तिला डोक्यावर घेतलंय. आता काढली तर मी मूर्ख ठरेन. राहिली तर निदान हट्टी ठरेन."

"ते तर तू आहेसच," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. तुझं अजून संपलेलं नाही. जिना उतरताना बोलणार आहे मी."

पण जिना उतरण्याआधीच फोन वाजला. भाची होती. ताई फोन नेहमी स्पीकरवर ठेवून आणि तोंडासमोर आडवा धरून बोलत असे, त्यामुळे पलीकडचं सगळं धाकटीला ऐकू येत होतं.

"झालं का, थोरली आत्या? निळे मिळाले?"

"निळे कशाला?" ताई कडाडली. "हिरवे झाले म्हणूनच तर खरे! पिरोजा तेल पितो, एवढंही माहीत नाही तुला? शिकलीस कशाला इतकी? धाकट्या आत्याने रोज अंगावर वापरलेत ते. आईचेच आहेत, सातच्या सात. मी स्वतः खालून बघितले."

"पण तूच तर म्हणायचीस की—"

"मी काय म्हणायचे ते मला सांगू नकोस."

"बरं. सात म्हणालीस. मग तो आठवा?"

धाकटीच्या मनात आलं, ताई आता सांगेल. बेसिन, चष्मेवाला, सगळं. रविवारपर्यंत भावाकडे कळेल, सोमवारी चुलत भावंडांत, आणि लग्नाच्या दिवशी प्रत्येक जण आपला कान धरून बघेल. ती बोलायला पुढे झाली. आपलं आपणच सांगितलेलं बरं.

ताईने फोन नसलेला हात उगारून तिला जागच्या जागी थांबवलं. चाळीस वर्षं तळघरात लोकांच्या वस्तू सांभाळलेला हात होता तो.

"आठवा ना? तो मीच बसवून घेतलाय," ती फोनमध्ये म्हणाली. "काचेचा आहे. मला तो रंग आवडतो म्हणून. का? काही म्हणायचंय तुला?"

"नाही, आत्या."

"मग झालं तर. आणि हार माझ्याकडे मागायला येऊ नकोस आज. लग्नापर्यंत मी घालणार आहे तो. घरात, रोज. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी?" भाचीने विचारलं.

ताईने फोन बंद केला, हार गळ्याभोवती धरला आणि धाकटीकडे पाठ करून मान खाली घातली.

"बघतेस काय? आकडा लाव."