चेंडूआडचं बोलणं

टेनिसच्या दुहेरी सामन्यात दोघी जोडीदार तोंडासमोर चेंडू धरून काय कुजबुजत असतील, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

पडला असेल तर तुम्ही योग्य ठिकाणी आलात. मी तोच चेंडू बोलतोय. दोन तोंडांच्या मधे मला धरलं होतं. आतलं सगळं मी ऐकलंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबराच्या दोन वाट्या एकमेकींवर दाबून चिकटवल्या, वर पिवळ्या लोकरी कापडाच्या दोन पट्ट्या लावल्या आणि मी तयार झालो. म्हणजे मीसुद्धा मुळात दोघांचा मिळून एक. पुढे आयुष्य जोडीतच गेलं ते काही उगाच नाही. आम्हा तिघा भावंडांना एका उभ्या डब्यात कोंबलं, झाकण लावलं. डबा उघडला तेव्हा 'फुस्स' असा आवाज झाला आणि डोळ्यांवर एकदम ऊन आलं. समोर मोठं कोर्ट आणि चहूकडे माणसंच माणसं.

एका बाजूला माझी जोडी उभी होती. एक बुटकी, चपळ, पायांत भिंगरी असलेली. तिला सगळे छोटी म्हणायचे. दुसरी इतकी उंच की तिचं नावच जिराफ पडलेलं. दोघी शाळेपासून एकत्र खेळत आल्या होत्या. लग्नं झाली, घरं वेगळी झाली, तरी कोर्टवरचं भांडण तेच.

"छोटे, तो माझा होता!"

"मग घ्यायचास ना! मानेवर कोळ्याचं जाळं होईपर्यंत वाट बघतेस."

सर्व्हिस करणारा खेळाडू हातात दोन-तीन चेंडू घेऊन पारखतो, हे तुम्ही पाहिलं असेल. गुळगुळीत चेंडू जोरात पळतो, म्हणून तो पहिल्या सर्व्हिसला. ज्याची लव फुगलीय तो जरा संथ आणि भरवशाचा. तो खिशात जातो. पहिली चुकली तर दुसरीला हवा म्हणून. मी फुगलेला निघालो, त्यामुळे छोटीच्या खिशात गेलो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्या चेंडूआड फार मोठे डावपेच असतात असं लोकांना वाटतं. कधी असतातही. पण बरेचदा "घाबरू नकोस," "पाणी पी," "त्या निळ्या शर्टवाल्याकडे बघू नकोस, तो मुद्दाम जांभई देतोय," असलंच काहीतरी असतं. आणि या दोघींचा एक नियम होता. चेंडूआडचं चेंडूआडच राहिलं पाहिजे. नवऱ्याला नाही, आईला नाही, कोणालाही सांगायचं नाही.

त्या सामन्यात शेवटच्या सेटला जिराफ मागे आली. तिनं छोटीच्या खिशातून मला काढलं आणि तोंडासमोर धरलं. तिचा श्वास गरम होता.

"छोटे, माझा गुडघा गेला."

"म्हणजे? थांबवूया सामना."

"अजिबात नाही. कोणाला कळू देऊ नकोस. त्यांना कळलं तर सगळं माझ्यावरच मारतील. आणि बाहेर कळलं तर पुढच्या वर्षी मला कोणी खेळवणार नाही. शपथ आहे तुला."

"बरं. तू नेटजवळ नुसती उभी राहा. मधलं सगळं मी घेते."

आणि छोटीनं खरोखर सगळं घेतलं. स्वतःचे चेंडू घेतले, जिराफचेही घेतले. धावून धावून तिचा जीव मेटाकुटीला आला. वरच्या काचेच्या खोलीत त्या दिवशी एक नामांकित समालोचक बसले होते. भारदस्त आवाजाचे. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांना गुडघ्याचं काय ठाऊक? ते सगळ्या जगाला म्हणाले, "छोटी आज हावरट झालीय. जोडीदाराच्या तोंडचा घास काढून घेतेय."

सामना गेला. शेवटचा गुण पहिल्याच सर्व्हिसवर गेला, त्यामुळे मी खिशातच राहिलो. आणि खिशातूनच छोटीच्या घरी आलो.

एकेक शब्द असा असतो की चिकटला म्हणजे निघत नाही. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुठेही कोणीतरी हसून म्हणायचं, "तुम्हीच ना त्या, जोडीदाराचे चेंडू खाणाऱ्या?" घरी आई म्हणाली, "अगं, एवढे सगळे चेंडू घ्यायची काय गरज होती? अर्धे तिला द्यायचे." छोटी यावर ताटातलं चिवडत राहिली.

जिराफचा गुडघा बरा झालाच नाही. तिनं रॅकेटला तारा ओढून देण्याचं लहानसं दुकान टाकलं. सुरुवातीला दोघींचे रोज फोन व्हायचे. पण फोनवर तो सामना आला की जिराफ विषय बदलायची. 'मी तोंड उघडलं असतं तर हिच्या मागचं हे लचांड सुटलं असतं,' हे तिला आत टोचत असणार. हळूहळू फोन वाढदिवसापुरते उरले. छोटी दुसऱ्या कोणाबरोबर खेळायला उभी राहिली नाही. मी कपाटात, मोज्यांच्या मागे पडून होतो. माझ्यातली हवा हळूहळू जात होती. माणसांचंही तसंच होतं, हे मला तिथे कळलं.

मग एक दिवस कपाट उघडलं. छोटीला समालोचनासाठी बोलावणं आलं होतं. एका स्पर्धेपुरतं. जमलं तर कायम, नाही तर राम राम. तिनं मला पिशवीत टाकलं.

काचेची खोली उंचावर होती. दोन खुर्च्या, दोन माइक, एक पंखा आणि काकांचा चहाचा थर्मास. मी टेबलावरून घरंगळायला लागलो म्हणून चिकटपट्टीचं रिकामं रीळ ठेवून त्यात मला बसवलं. शेजारच्या खुर्चीवर साक्षात तेच काका! छोटीनं त्यांना नमस्कार केला. जुन्या गोष्टीचं अवाक्षर काढलं नाही. काकांना तर आठवतही नव्हतं. बोलणारा विसरतो. ज्याच्याबद्दल बोललं, तो विसरत नाही.

छोटीच्या हेडफोनमधून पलीकडच्या खोलीतली एक मुलगी सतत सूचना द्यायची. कार्यक्रमाची सूत्रं तिच्या हातात होती. छोटी तिला 'कानातल्या बाई' म्हणायची.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. इतकी वर्षं महत्त्वाचं बोलायचं म्हणजे तोंडासमोर चेंडू धरायचा, हीच सवय. छोटी साधंसुधं मोकळं बोले. पण काही खरं, नेमकं दिसलं की तिचा हात आपोआप माझ्याकडे यायचा. मला तोंडापुढे धरून ती कुजबुजे. माइकवर नुसतं 'फुसफुस'.

"ताई, चेंडू खाली!" कानातल्या बाई ओरडायच्या.

काका माइक बंद करून हसायचे. "अगं, तू बोललीस ते मला कळलं. घरी बसलेल्यांनी काय करायचं?"

संध्याकाळी आईचा फोन. "तू मधेच पुटपुटतेस काय? मला वाटलं टीव्ही बिघडला. मी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले."

मग छोटीनं मला हात लावायचा नाही असं ठरवलं. पण मी हातात नाही म्हटल्यावर तिचं बोलणंच आटलं. "सुंदर फटका. फारच सुंदर फटका." बस, एवढंच. अंतिम सामन्याच्या सकाळी कानातल्या बाई स्वतः खोलीत आल्या.

"ताई, तुम्हाला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय. आज तरी सांगा. नाहीतर वरच्यांना मी काय सांगू?"

छोटीनं मान हलवली. तिचे तळवे घामेजले होते. ते मला ठाऊक, कारण तिनं लगेच मला धरलं.

अंतिम सामना दोन जोड्यांचा होता. एका जोडीत दोन तरुण मुली, एक वेणीवाली आणि एक टोपीवाली. छान खेळत होत्या. पण तिसऱ्या सेटला वेणीवाली अचानक मधे घुसायला लागली. टोपीवालीचे चेंडूसुद्धा तीच मारू लागली.

छोटी पुढे सरकली. काचेला नाक लागायचं तेवढं बाकी होतं. टोपीवाली खाली पडलेला चेंडू वाकून उचलत नव्हती. रॅकेटनं टिचकी मारून वर घेत होती. टॉवेल घ्यायलाही अंग न वळवता, आख्खी फिरत होती. कंबर धरली होती पोरीची. आणि वेणीवाली तिला झाकत होती.

शेजारी काकांनी घसा खाकरला. "आता मात्र वेणीवाली जरा हाव—"

छोटीचा हात झपकन माझ्यावर आला. मी तिच्या तोंडापुढे गेलो.

"ताई, चेंडू खाली! काय दिसतंय तुम्हाला? सांगा ना!" कानातल्या बाई.

छोटीनं खाली पाहिलं. समोरच्या जोडीचा प्रशिक्षक पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याच्या कानात यंत्र होतं. तो यांचंच समालोचन ऐकत होता. इथे 'कंबर' म्हटलं की दुसऱ्या मिनिटाला प्रत्येक चेंडू त्या टोपीवालीच्या पायाशी जाणार. सांगितलं तर पोरीचा घात. नाही सांगितलं तर वेणीवालीला तोच शब्द चिकटणार, आणि स्वतःची खुर्चीही जाणार.

तिनं मला रिळात ठेवलं. आणि पहिल्यांदाच, माझ्याशिवाय, मोकळ्या तोंडानं बोलली.

"काका, थांबा. तो शब्द नको. हा हावरेपणा नाही. दोघींचं ठरलंय. का ठरलंय ते मी सामना संपल्यावर सांगीन, माझा शब्द आहे. तोवर सगळ्यांनी वेणीवालीचे पाय बघा. चेंडू मारून झाला की ती आपल्या जागेवर जात नाही, आधी जोडीदाराकडे बघते. बघितलंत? आता पुन्हा. एवढं पळून दम कोणासाठी खर्च करतेय ही?"

"ताई, आत्ताच सांगा! लोक ऐकतायत!"

छोटीनं बाईंच्या खोलीच्या दिशेनं बघून नाही म्हणून मान हलवली, आणि बोलतच राहिली. पावलांबद्दल, पाठीमागे धरलेल्या बोटांच्या खुणांबद्दल, नेटपाशी उभं राहणाऱ्याच्या एकटेपणाबद्दल. एवढं सगळं तिच्या पोटात होतं, हे मला, तिच्या खिशात राहिलेल्याला, माहीत नव्हतं. काकांचा चहा कपात निवला.

मुली हरल्या. अगदी थोडक्यात. टोपीवालीला हात मिळवायला नेटपर्यंतही चालवेना. वेणीवालीनं तिच्या काखेत हात घातला, आणि मैदानावरचे उपचारवाले धावत आले.

तेव्हा छोटी म्हणाली, "आता सगळ्यांना दिसतंय, म्हणून सांगते. टोपीवालीची कंबर मघाशीच गेली होती. वेणीवाली तिचे चेंडू घेत नव्हती, तिच्या वाटचं दुखणं घेत होती."

काकांची एक जुनी शिकवण होती. माइकवर शांतता पडू द्यायची नाही. पण त्या दिवशी ते स्वतःच गप्प झाले. त्यांना आपला जुना शब्द आठवला असावा. मग हळूच म्हणाले, "तुमच्या शेवटच्या सामन्यात... तेव्हाही असंच काही ठरलं होतं का गं?"

छोटीनं मला उचललं. तोंडासमोर नाही धरलं. नुसतं मुठीत ठेवलं.

"चेंडूआडचं चेंडूआडच राहू दे, काका."

"राहू दे," काका म्हणाले. "पण त्या दिवशी मी एक शब्द वापरला होता. सगळ्यांच्या देखत वापरला होता. आज सगळ्यांच्या देखत परत घेतो."

संध्याकाळी आवराआवर करताना कानातल्या बाई दारात आल्या. "माझं ऐकलं नाहीत तुम्ही. राग आलाय मला," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "उद्या सकाळी स्पर्धेचा आढावा आहे. वेळेवर या. आणि यापुढे ही खुर्ची तुमचीच."

तेवढ्यात छोटीचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

"छोटे, दुकानात आवाज मोठा करून ठेवला होता. सगळं ऐकलं. तो चेंडू अजून आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे. टक्कल पडलंय त्याला."

"उद्या त्या खोलीत घेऊन ये. मीच येते तिथे."

तर अशी माझी कथा. आता मला उसळी नाही. कोणी जमिनीवर टाकलं तर 'थप्' होतो आणि तिथेच बसतो. लव झडली, रंग विटला, सांधा थोडा उकललाय. पण मला कोणी फेकून दिलं नाही, हे काय थोडं झालं? तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोणी दुसऱ्याच्या वाटचं धावताना दिसलं, तर लगेच त्याला हावरट म्हणू नका. जरा थांबा. सामना संपू द्या.

हो, एक राहिलंच. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतःच्या हातानं काचेच्या खोलीत तिसरी खुर्ची आणून ठेवली. जिराफ काठी टेकत आत आली, बसली, तिनं रिळातून मला उचलून सवयीनं तोंडासमोर धरलं, मग छोटीच्या हातात दिलं, आणि माइक जवळ ओढून म्हणाली, "त्या दिवशी माझा गुडघा गेला होता."