तेवीस लेकरं

जगदेवीची रूपा तीन दिवस तापाने फणफणत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या कानामागून लाल पुरळ निघाला आणि दुपारपर्यंत तोंडभर पसरला. सासूने, बाणूबाईने, दाराला लिंबाचा डहाळा खोचला आणि घरात फोडणी द्यायची बंद केली. बिरोळवाडीत गोवर आला की सगळे हेच करत. पण जगदेवीला चैन पडेना. पावणेदोन वर्षांच्या लेकीला पदराखाली झाकून ती थेट उपकेंद्रात आली.

प्रेरणा सिस्टर तिथे चार वर्षांपासून नोकरीला होती. माहेर नौबादचं, नवरा संघपाल शाळेत मास्तर, पदरात आठ महिन्यांची मुलगी. दोनशे उंबऱ्यांच्या या गावात कुणाची सून कितव्या महिन्यात आहे, कुणाचं लेकरू कधी रांगायला लागलं, सगळं तिला तोंडपाठ होतं. तिने रूपाचे लालबुंद, पाणावलेले डोळे पाहिले. तोंड उघडून गालाच्या आत पाहिलं. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके अजून पुसटसे दिसत होते.

"गोवरच हाय, जगदेवी."

"असं कसं, सिस्टर? सुई दिली व्हती की हिला. तुमीच टोचलाव न्हवं?"

जगदेवीने कमरेची पिशवी सोडून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड पुढे केलं. अक्षर प्रेरणाचंच होतं. गोवर, पंधरा मे दोन हजार तीन. तिने तारीख पुन्हा एकदा वाचली.

त्या संध्याकाळी ती गावभर हिंडली. आणखी दोन घरांत पुरळ सापडला. बीरप्पाच्या जत्रेला हैदराबादहून, बांधकामाच्या कामावरून, जी कुटुंबं आली होती त्यांच्यातलं एक लेकरू तापलेलं होतं, त्याच्यासोबत पुरळ आलेली ही सगळी लेकरं खेळली होती. दोन्ही घरांतल्या आयांनी कार्ड काढून दाखवलं. दोन्हींवर तीच तारीख.

तो लसीकरणाचा गुरुवार तिला चांगला आठवत होता. मे महिना, जीव कासावीस करणारं ऊन. आया दहाला येतो म्हणाल्या म्हणून तिने पाच बाटल्यांत पाणी मिसळून लस तयार करून ठेवली. पण त्याच दिवशी दुष्काळी कामावर हजेरी लागली आणि सगळ्या बाया खडी फोडायला गेल्या. त्या आल्या चार वाजून गेल्यावर. लशीच्या डब्यातल्या बर्फाचं एक वाजताच पाणी झालं होतं. मिसळलेली लस चार तासांनी फेकून द्यायची, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं, उपकेंद्राच्या भिंतीवरही लिहिलेलं होतं. तिने बाटल्या हातात घेतल्याही. पण बाया म्हणाल्या, "आज दिलाव तर दिलाव, सिस्टर. परवा आमी हैदराबादला जायलोत." घामेजलेली, दमलेली तोंडं समोर होती. तिने दिली. तेवीस लेकरांना. मग नोंदवहीत तेवीस ओळी लिहिल्या. महिनाभर तिला धड झोप लागली नाही. कुणाला काही झालं नाही, तेव्हा हळूहळू तिने तो दिवस मनाआड टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ती सात किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टर अनिलकुमार गेल्या वर्षी रुजू झालेले, गुलबर्ग्याचे, तिच्याहून वयाने लहान. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी उठून दार लोटलं. "सिस्टर, बसा. चांगली लस दिली तरी शंभरातल्या दहा-पंधरा मुलांना गोवर होतोच. मी तसंच लिहितो. कुणी विचारायला येणार नाही."

माणूस वाईट नव्हता. पावसाळ्यात ओढा ओलांडून बायांची बाळंतपणं करायला गेलेली प्रेरणा त्याने पाहिली होती. तिला वाचवायला तो धडपडत होता.

"सर, उद्या तुम्ही लस कुणासाठी मागवणार?"

"ज्यांना दिलेली नाही त्यांच्यासाठी."

"मग माझी तेवीस लेकरं वगळली जाणार. त्यांच्या कार्डावर मी दिली म्हणून लिहिलंय. आणि गाव काय म्हणेल? सुई घेऊनही गोवर आला, मग सुई कशाला? पुढच्या गुरुवारी एक बाई येणार नाही."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "नोकरी जाऊ शकते."

"व्हय, सर." ती पहिल्यांदा खाली बसली. "जाऊ दे असं म्हणवत न्हाई. सासू-सासरे हायत, कर्जाचं घर हाय. पर लेकरं माझ्या भरवशावर दिलती ना त्यांनी."

पर्समधून तिने कागद काढला. रात्रीच लिहिला होता, सहीसकट. सोबत तेवीस नावांची यादी होती. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि जिल्ह्याला फोन लावला.

आपली मुलगी तिने संघपालसोबत नौबादला आईकडे धाडली. मुलीला लस द्यायचं वय व्हायला अजून महिना होता, आणि गोवराच्या घरांतून उठून तिला कुशीत घेणं प्रेरणाला पटेना. संघपाल म्हणाला, "किती दिवस?" ती म्हणाली, "शेवटचा पुरळ वाळेपतोर." पुढचे तीन आठवडे छाती दुखून यायची, दूध पिळून टाकावं लागायचं. पण ती गाव सोडून गेली नाही.

जिल्ह्याला फोन झाला त्याच दुपारी डॉक्टरांना शेजारी बसवून तिने बीरप्पाच्या देवळासमोर गाव गोळा केलं. आजारी लेकरांना घरीच ठेवायला सांगितलं होतं. आया आल्या, म्हातारे आले. रूपाचा आजा, बाणूबाईचा नवरा लिंगाप्पा पारावर बसला होता. मेंढकरांत त्याच्या शब्दाला मान होता.

प्रेरणाने आडपडदा ठेवला नाही. बर्फ कसा वितळला, बाटल्या किती वेळ बाहेर राहिल्या, तिला काय माहीत होतं आणि तरी तिने काय केलं, सगळं सांगितलं. "चूक लशीची न्हाई, माझी हाय," ती म्हणाली. "ती फेकायची व्हती. म्या फेकली न्हाई. ज्यांच्या कार्डावर ती तारीख हाय त्यांनी लस घेतलीच न्हाई असं समजा."

मग बाणूबाई उठली. "म्हंजी माज्या नातीला तू पानी टोचलीस?"

"व्हय, मावशी."

"आनी कागदावर सुई म्हनून लिवलीस?"

"लिवले."

बाणूबाईने तिला काय काय बोलून घेतलं ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या बायाही उठल्या. कुणी तिची जात काढली, कुणी आईबाप काढले. डॉक्टर मध्ये बोलायला गेले तर प्रेरणाने त्यांना थांबवलं. ती उभी राहिली, हात जोडूनही नाही आणि मान खाली घालूनही नाही. बोलणं संपल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी लस यायलीय. दर घरात मी येते. शिव्या द्या, पर लेकरू आणा."

लिंगाप्पा घोंगडं झटकून निघून गेला.

सकाळी ती रूपाला पाहायला गेली तेव्हा दार लोटलेलं होतं. आतून बाणूबाई म्हणाली, "तुजा हात नको." पण जगदेवीने दार उघडलं. रूपाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. प्रेरणाने घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला साठ.

"छातीत कफ भरलाय. आत्ताच्या आत्ता बीदरला."

"गोवर आलेलं लेकरू घराबाहेर काढत न्हाईत," बाणूबाई आडवी झाली.

"अत्ती," जगदेवी म्हणाली. सासूपुढे तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. "हिनं न सांगता निभलं असतं. तरी सांगितली. आता खोटं कामून बोलंल ती?"

आरोग्य केंद्राची जीप आली. दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या प्रेरणाने दारातच सांगितलं, गोवराचं लेकरू आहे, वेगळ्या खोलीत घ्या, बाकीच्या मुलांत नको. रूपाला ऑक्सिजन लागला. तिला तिथे सोपवून प्रेरणा दुपारच्या बसने परत आली, कारण यादीतली नावं बाकी होती.

दोन दिवसांत तिने सगळं गाव पालथं घातलं. यावेळी बाटली आयांच्या समोर फोडायची, घड्याळ दाखवायची. बाणूबाईने डब्यात हात घालून बर्फ चाचपला आणि मगच धाकट्या नातवाला पुढे केलं. तिच्यामागे बाकीच्या बायाही तेच करू लागल्या. प्रेरणाला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट हे आधीपासूनच व्हायला हवं होतं, असं तिला वाटलं.

आजारी लेकरांना अ जीवनसत्त्वाचं पिवळं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी पाजायला बसवलं, डोळे पुसले. बंद केलेली डाळ आणि दूध पुन्हा सुरू करायला लावलं. तेवीसपैकी अकरा जणांना गोवर झाला होता. आठ जणांना ताजी लस टोचून झाली. चार राहिली.

ती चार लेकरं गावात नव्हती. आईबापांसोबत मेंढरांच्या तळावर, चिंचोळीकडच्या माळावर होती. जत्रेच्या तिसऱ्या दिवशी इथल्या दोन बाया तिकडे भाकरी पोचवायला गेल्या होत्या, त्यांच्या कडेवर लेकरं होती. कडेवरच्या त्या लेकरांना आता गावात ताप होता. तळ आज नेमका कुठे आहे हे लिंगाप्पाशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं.

ती त्याच्या दारात गेली. "आप्पा, चार लेकरं राहिलीत. वाट दाखवा. फक्त बोट करून सांगा, मी जाते."

लिंगाप्पाने तिच्या खांद्यावरच्या डब्याकडे पाहिलं. "बोट करून माळ सापडत न्हाई," तो म्हणाला, आणि काठी उचलली.

तो पुढे, ती मागे. डांबरी संपली, मग पांदी, मग काळं रान, मग मुरमाड माळ. तेरा-चौदा किलोमीटरची वाट. डबा खांद्यावर घेऊन ती चालत होती, त्याचा पट्टा गळ्याला काचत होता. झाडाखाली थांबून ती झाकण उघडून बर्फ बघायची आणि पुन्हा निघायची. एका चढावर तिचा पाय मुरमात घसरला. लिंगाप्पा मागे फिरला. त्याने डबा तिच्या खांद्यावरून उतरवला, आपल्या घोंगड्यात गुंडाळला आणि चालू लागला.

तळावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. मेंढरं दोन ओढ्यांच्या मध्ये बसली होती. सिस्टरला पाहून बाया लेकरांना घेऊन मागे सरकल्या. बातमी इथवर आली होती.

"ती पानी टोचनारी हाय," एकीने म्हटलं.

प्रेरणा बोलणार तोच लिंगाप्पाने डबा दगडावर ठेवला. "ऐका गं. मागची सुई खराब व्हती. हिनं सोताच्या तोंडानं गावाम्होरं सांगितली. आमी खुळे, आमाला कंदी कळलं नसतं. हे औषद चांगलं हाय. म्या सगळ्या वाटंनं बर्फ बघितलाय. आना लेकरं."

पहिलं लेकरू त्याच्याच पुतण्याचं होतं. त्याने ते मांडीवर घेतलं, दंड धरला आणि प्रेरणाला म्हणाला, "टोच."

तिने बाटली फोडली. घड्याळ त्याला दाखवलं आणि सुई टोचली.

त्या चौघांपैकी कुणालाही गोवर आला नाही. गावातली अकराच्या अकरा लेकरं वाचली. रूपा नऊ दिवसांनी बीदरहून परत आली, काडीसारखी झालेली, पण चालत. तिच्या डाव्या कानातून मात्र पू वाहत राहिला आणि त्या कानाने तिला कमी ऐकू येऊ लागलं.

चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांचे जबाब घेतले. लिंगाप्पाने जबाबात एक शब्दही सौम्य केला नाही. काय चुकलं ते सगळं सांगितलं, आणि मग पुढचंही सगळं सांगितलं, माळावरच्या वाटेपर्यंत. डॉक्टर अनिलकुमारांनी आपल्या अहवालात प्रेरणाचा कागद जसाच्या तसा जोडला. ती चार महिने निलंबित होती, दोन वेतनवाढी थांबल्या, आणि बदली झाली संतपूरच्या पलीकडे. नोकरी वाचली. तिथे पहिल्याच आठवड्यात सोबतच्या नव्या सिस्टरने विचारलं, "थोडा उशीर झाला तर चालतं ना, अक्का?" प्रेरणाने तिला खाली बसवलं आणि बिरोळवाडीची हकीकत आपल्या नावासकट सांगितली. पुढे प्रत्येक नव्या बाईला ती सांगत राहिली.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती सुट्टी टाकायची. संतपूरहून ती, बिरोळवाडीहून जगदेवी, दोघी बीदरच्या स्टँडवर भेटायच्या आणि रूपाला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायच्या. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं एकही शनिवार चुकला नाही. शेवटी कान वाळला. ऐकू पूर्ण आलं नाही, पण शाळेत पुढच्या बाकावर बसवलं तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी तिघी बसस्टँडसमोर इडली खायला बसल्या. शाळेत पहिल्या दिवसापासून रूपाला कुठल्या बाजूला बसवायचं ते जगदेवीने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. प्रेरणाने रूपाला आपल्या डावीकडे घेतलं, तिच्या चांगल्या, उजव्या कानाशी वाकून तिला आणखी चटणी हवी का ते विचारलं, आणि पोरीने हसून ताटली पुढे केली.