चांगला पाय

धाकटी टेबलावर पालथी पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या मांडीच्या मागे गार जेल थापलं आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर स्नायूच्या करड्या रेघा सरळ चालल्या होत्या, मध्येच एक काळं डबकं. स्नायू फाटलाय, रक्त साचलंय, बाई म्हणाल्या. आठवड्यावर आलेली निवड चाचणी विसरायची. दोन महिने पळणं बंद.

आईला हेच कागदावर हवं होतं. पोरीला खांद्याचा आधार देत दोन जिने चढवतानाच तिनं ठरवलं होतं, कागद घ्यायचा आणि भर मैदानात त्या पळायला शिकवणाऱ्या सरांच्या तोंडावर मारायचा. गेल्या वर्षी आला, गळ्यात शिट्टी अडकवली की झाला गुरू. लोकांची पोर म्हणजे काय टांग्याचं घोडं?

"आता उजवा पाय," बाई म्हणाल्या.

"तो धडधाकट आहे हो."

"असू दे. मी नेहमी दोन्ही ताडून बघते."

उजव्या मांडीवर यंत्र फिरलं, थांबलं, पुन्हा मागं आलं. करड्या रेघांत एक पांढरा वण होता, सुतळीला गाठ मारावी तसा. इथं पूर्वी फाटलं होतं, बाई सांगू लागल्या. विश्रांती न देता पळवलं की हे असं होतं. मग पोर तो पाय चोरून पळते, आणि सगळा भार दुसऱ्यावर.

आईला घरच्या काचेच्या कपाटातला पितळी कप दिसला. दोन वर्षांपूर्वीचा; रोज पदरानं पुसायची ती. त्या शर्यतीआधी पोर म्हणत होती, मांडीत काहीतरी तुटलंय. आईनं पट्टी करकचून आवळली होती. चोचले बास, म्हणाली होती. माझ्या पोटची आहेस ना? मग पळ.

"तेव्हा कोणी पळवलं हिला?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

धाकटीनं मान वळवून आईकडे पाहिलं.

"सरांनी," आई म्हणाली. "दुसरं कोण?"

बाईंनी तेही लिहिलं.

धाकटी उठून बसली, दोन्ही मांड्यांवरचं जेल सावकाश पुसलं, पुसण्याच्या कागदाचा बोळा बादलीत टाकला. आईनं खांदा पुढे केला. पोरीनं भिंत धरली आणि एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाली.