फेसाच्या डब्यातला आवाज

मनोज गेला, त्याच्या अकराव्या दिवशी आम्ही घर धुतलं. सुतक फिटलं की सगळं धुवायचं, ही आमची रीत. माझा नवरा कागद मिलच्या नोकरीसाठी इकडे आला, तेव्हा ही रीत मी सासरहून सोबत आणली. म्हणून मुलाच्या काचेच्या टाकीतले दगडही मी कामवाल्या सोजरबाईला नळाखाली घासायला लावले.

"लय बुळबुळीत शेतस हे दगडं, माय."

"मग घास ना चांगले!"

त्या टाकीत मनोजने बुऱ्हाणपुरात समुद्र केला होता. "तापीकाठी राहून खारं पाणी कसलं पाळतोस?" असा टोमणा मी मारायचे. "गोड पाणी सगळेच पाळतात, आई," तो हसायचा.

आठवड्यात दोन केशरी माशांपैकी एक उलटा तरंगला. दुसरा कोपऱ्यात धापा टाकू लागला. जयश्रीने, माझ्या सुनेने, इंदूरच्या दुकानदाराला, हर्षलला, फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"भाभी, पत्थर नळाच्या पाण्याने धुतले? अहो, माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या चिकट थरातच राहतात. सगळे गेले. आधी थोडं खारं पाणी बदला. नव्या जिवाणूंची बाटली पाठवतो, ती टाका. पण दोन दिवस स्किमर बिलकुल बंद. नवे जिवाणू दगडावर बसायच्या आधी फेसाबरोबर बाहेर जातील. एकदा बसले की टेन्शन नाही. हवेची नळी चालू ठेवा."

जयश्रीने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता बादली आणायला उठली. बोलली असती तर बरं झालं असतं.

स्किमर म्हणजे टाकीमागची ती उभी नळी. पाण्यात बुडबुडे करून मळ फेसाबरोबर वरच्या डब्यात चढवायची. तिचा आवाज गुळण्या केल्यासारखा. लहानपणी मनोजला घशाचा त्रास होता. रोज सकाळी मी त्याला मिठाच्या पाण्याच्या तीन गुळण्या करायला लावायचे. तिसरी तो मुद्दाम लांबवायचा, मला हसवायला. तो गेल्यावर मी त्या नळीजवळच बसत असे.

बाटली आली. जयश्रीने पाण्यात ओतली, स्किमरचा प्लग काढला, डबा घासून कोरडा केला. घर मुकं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती राजपुरा मोहल्ल्यात माझी औषधं आणायला गेली. मी एकटी होते. आणि आवाज आला. एक गुळणी. थांबून दुसरी. तिसरी लांब.

उठून पाहिलं. प्लग जमिनीवर पडलेला, डबा कोरडा. हवेच्या नळीचे बुडबुडे आपले बारीक फसफसत होते. हा आवाज त्यांचा नव्हता.

मग सगळं शांत. मी प्लग उचलला. खटका दाबला असता तर तो परत आला असता. मासा काचेला टेकून माझ्याकडे बघत होता, कल्ले भराभर हलत होते. मनोजच्या हातचा जिवंत असा तेवढाच उरला होता. मी प्लग खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माशाने चिमूटभर खाणं खाल्लं. "आई, खाल्लं बघा!" जयश्री कितीतरी दिवसांनी माझ्याशी नीट बोलली. तिने स्किमर लावला.

नळी सुरू झाली. नुसती घरघर, मिक्सरसारखी एकसारखी. मी कान लावून दुपारपर्यंत बसले. गुळणी एकही आली नाही.

"चालू आहे ना नीट?" जयश्रीने विचारलं.

"नीटच आहे," मी म्हणाले.