वासावरून ओळखावे

“झाला गं झाला! वास आला बघ. काढ आता, पळ!”

हा आवाज थांबून चार वर्षं झाली, तरी ओव्हनच्या दाराला हात लावला की वहिनीला तो हटकून ऐकू यायचा. खिडकीशी वेताची खुर्ची, खुर्चीत सासूबाई, मांडीवर चाळणी. चाळणीतून पुढच्या केकचा मैदा परातीत झिरपतोय आणि त्या आपल्याशीच गुणगुणताहेत, ‘चाळ बाई चाळ, पिठाचं चांदणं; सांडू नको पोरी, उजळेल आंगणं.’ आणि मग ओळ अर्धवट सोडून एकदम ती ललकारी: झाला गं झाला! पलीकडच्या खोलीतून वन्सं हमखास म्हणायच्या, “बघा! घड्याळ नको न काही नको. आमच्या आईचं नाक म्हणजे नाक!”

आवाज गोड होता. बोलणं मात्र धडधडीत खोटं होतं. हे वहिनीला ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि खुद्द सासूबाईंना तर होतंच. ठाऊक नव्हतं ते फक्त वन्संना.

वहिनीचं कुणी नाव घेत नसे. नणंद वहिनी म्हणायची म्हणून गल्ली म्हणायची, आणि ती जिथे सकाळच्या पाळीला काम करायची त्या औषधाच्या दुकानाचा मालकही म्हणायचा. वीस वर्षं काट्यावर पुड्या मोजून तिचा हात असा बसला होता, की चिमूटभर सोडा म्हटलं की दर वेळी तेवढाच सोडा चिमटीत यायचा. यावरून वन्संचे टोमणे ठरलेले. “वहिनीचा केक ना? जेवणानंतर एक तुकडा, कोमट पाण्याबरोबर!” असं म्हणून त्या स्वतःच खो खो हसायच्या. वन्सं शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. दर रविवारी चारच्या ठोक्याला त्या चहाला यायच्या. आई होती तेव्हाही आणि आई गेल्यावरही. यायच्या, चपला काढायच्या, आल्याच्या केकचा पहिला घास घ्यायच्या, डोळे मिटायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, “छान आहे हं. पण आईच्या हातची चव नाही.”

चार वर्षांचे रविवार मोजा. तितक्या वेळा वहिनीने हे वाक्य चहाच्या घोटाबरोबर गिळलं होतं.

गोष्ट अशी झाली होती. पंधरा वर्षांपूर्वी सासूबाईंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी वहिनी दुकानातून आली तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं, ओव्हनमध्ये केकचा कोळसा, आणि सासूबाई तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे मैदा चाळताहेत, चांदणं सांडताहेत. वहिनीने खिडक्या उघडल्या. सासूबाईंनी धूर पाहिला, मग सुनेकडे पाहिलं. तिच्याकडे बघताना त्या इतक्या घाबरल्या होत्या, की वहिनीने एक शब्द काढला नाही. कोळसा कागदात गुंडाळून टाकला, भांडं घासलं, तासाभरात नवा केक घातला. चार वाजता वन्सं आल्या. केक भाजल्याचा वास वहिनीला आला तेव्हा ती कप मांडत होती. तिने एक कप बशीवर जरा जोरात ठेवला. खण्ण! सासूबाईंनी मान वर केली, सुनेकडे बघितलं आणि त्यांना सगळं उमगलं. “झाला गं झाला!” त्या म्हणाल्या. “वास आला बघ.”

बस. तेव्हापासून तोच रिवाज पडला. आधी नुसता कपाचा आवाज. मग चवही गेली, तेव्हा आलं किती, दालचिनी किती, साखर कुठवर जाळायची, हे वहिनीकडे आलं. मग सासूबाईंचा खांदा धरला, तेव्हा घोटणंही आलं. तिसऱ्या वर्षापासून केकमध्ये सासूबाईंचं म्हणावं असं मैदा चाळणं तेवढं उरलं होतं, आणि ती ललकारी. अशी एकूण अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत सासूसुनांत याबद्दल एक अक्षर बोलणं झालं नाही. वन्सं कौतुक करायच्या आणि सासूबाई पदर सावरून म्हणायच्या, “काही नाही गं, हात लागतो त्याला.”

हात लागतो! वहिनी तेव्हा किटलीवरचं झाकण दाबत राहायची, चहा मुरला असला तरी.

आज रविवार होता. वहिनीने सकाळीच लोणी बाहेर काढून ठेवलं होतं. दुपारी साखर जाळली. तपकिरी झाली, तांबूस झाली, आता काळवंडणार तोच त्यात गरम पाणी ओतलं. चर्रर्र करून वाफ उठली आणि घरभर तो कडवट गोड वास पसरला. तिला हे सगळं मनापासून आवडायचं. हाताखाली मऊ होत जाणारं लोणी, ताजं आलं किसताना नाकात जाणारी झणझण, भांड्याला लावलेल्या कागदाची कुरकुर. या वेळात तिला कुणाशी वैर नसायचं. मंगळवारी वन्संचा फोन आला होता. शहरातलं वाचनालय घरोघरच्या पदार्थांची पुस्तिका काढतंय, त्यात आईचा केक द्यायचाय, प्रमाण सांग. तिने सांगितलं होतं, चमच्या-चमच्याने, अगदी मायेने. मनात कुठेतरी वाटलं होतं, छापलं जाईल आपलं.

चारला वन्सं आल्या त्या हातात कागद नाचवतच.

“दादा, ते भिंग काढ डोळ्यावरून. ऐका दोघंही. उद्या सकाळी छापायला जातंय.”

दादा म्हणजे वहिनीचा नवरा. घड्याळं दुरुस्त करायचा. रविवारीसुद्धा एखादं मनगटी घड्याळ पोट उघडून टेबलावर पडलेलं असायचं. डोळ्याला भिंग लावलं की त्याचे कान बंद होतात, असं वहिनी म्हणायची.

“वाच की,” तो म्हणाला. भिंग काही काढलं नाही.

वन्संनी घसा खाकरला. वर आईचा फोटो होता, वेताच्या खुर्चीतला. खाली प्रमाण होतं, वहिनीने सांगितलेलं, जवळजवळ तसंच. वन्सं वाचत गेल्या. “ओव्हनचे दार मध्येच उघडू नये. घड्याळ लावू नये. केक झाला की नाही ते वासावरून ओळखावे. आमच्या आईला ते दुसऱ्या खोलीतूनही कळत असे. ती गेली, तिच्याबरोबर ती कला गेली. आजही आमच्या घरी दर रविवारी याच प्रमाणाने केक होतो, परंतु तो नुसता केक असतो.”

वन्संनी कागद खाली ठेवला.

“शेवट कसा वाटला?” वन्सं म्हणाल्या. “मला तर लिहिताना भरून आलं.”

वहिनीच्या हातात सुरी होती. तिने केकचा तुकडा कापला, बशीत ठेवला, बशी वन्संपुढे सरकवली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण आवाज दुकानातल्यासारखा आला, गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं तसा.

“आलं दोन चमचे लिहिलंय. अडीच सांगितलं होतं मी.”

“आई दोनच घालायची.”

“तुम्ही पाहिलं होतं?”

“पाहायला कशाला हवं? माझी आई होती ती.”

“आलं किसताना कधी उभ्या होतात तिथे? मी विचारतेय. एकदा तरी?”

“अगं, अर्ध्या चमच्यासाठी एवढी तणतणतेस काय? तुझं आपलं सगळं औषधाच्या मापाने.”

“हो, मापाने! म्हणून तर तुम्ही तुकड्यावर तुकडे खात होतात, वन्सं.”

“जाऊ दे ना गं,” टेबलावरून नवरा पुटपुटला.

ते चार शब्द वहिनीने पंधरा वर्षं ऐकले होते. चालत्या घड्याळाला हा माणूस कधी हात लावत नसे आणि घरात काही अडलं तर तेही आपोआप चालू होईल म्हणून बसून राही. तिने सुरी खाली ठेवली.

“तुम्ही गप्प बसा. तुम्ही फार छान गप्प बसता.”

वन्संनी बशी बाजूला केली. “वहिनी, झालंय काय तुला? चांगलं लिहिलंय मी. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द आहे का यात?”

“माझ्याबद्दल शब्दच कुठे आहे? ‘नुसता केक असतो’, एवढंच. आपोआप होतो का तो? भिंतीतून उगवतो? तुम्ही चपला काढायच्या आणि त्याने ताटलीत येऊन बसायचं?”

“मी आईबद्दल लिहिलं. आईचा केक, आईचं नाक...”

“आईला वास येत नव्हता!”

बोलून झाल्यावर वहिनीच दचकली. वन्सं मुख्याध्यापिका बघतात तशा चष्म्यावरून बघायला लागल्या, वर्गात कुणीतरी भलतंच काहीतरी बोलल्यासारख्या.

“तोंड सांभाळून बोल.”

“खूप सांभाळलं. ताप आला होता ना त्यांना, तुमच्या शाळेची इमारत नवी झाली त्या वर्षी? त्यानंतर त्यांना कशाचाच वास आला नाही. दुधाचा नाही, धुराचा नाही. अकरा वर्षं. केक झाला की मी कप आपटायची, आणि त्या ओरडायच्या. तुम्ही ज्याला नाक म्हणता ना, ते माझं होतं. आलं माझं, साखर मी जाळलेली, घोटायचा तो हात माझा. तुम्ही अकरा वर्षं माझा केक खाऊन आईला शाबासकी दिलीत आणि चार वर्षं तोच केक खाऊन मला नापास केलंत!”

“दादा,” वन्संचा आवाज एकदम बारीक झाला. “ही काय बोलतेय?”

नवऱ्याने भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उमटला होता. त्याने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि उघड्या घड्याळावर काचेचं झाकण ठेवलं.

“खरं आहे ते,” तो म्हणाला. “मला माहीत होतं.”

वन्संनी कागद उचलला, पुन्हा खाली ठेवला. केकच्या तुकड्याकडे बघत राहिल्या. तो नेहमीसारखाच होता. वर तांबूस, आत ओलसर, कडेला जरासा फाटलेला. त्यांनी एक कोपरा मोडून तोंडात घातला. या वेळी डोळे मिटले नाहीत. चावत राहिल्या, फार वेळ. मग त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” त्या म्हणाल्या. रागावून नाही, कळवळून. “ती होती तेव्हा नाही, ती गेल्यावर नाही. मी दर रविवारी तुला तेच ऐकवत होते. तू मला एकदा थोबाडीत मारल्यासारखं सांगायचं होतंस.”

वहिनी खुर्चीत बसली. हे उत्तर तिने कधी स्वतःलाही दिलं नव्हतं. नवऱ्याने तिच्यापुढे चहा सरकवला, पण तिने कपाला हात लावला नाही.

“वाट बघत होते,” ती म्हणाली. “मला वाटायचं, एक ना एक दिवस त्याच सांगतील. तुमच्यासमोर नको, पाहुण्यांसमोर नको. मागच्या दारी, भांडी विसळताना, हळूच म्हणतील, पोरी, तू होतीस म्हणून माझी लाज राहिली. एवढंच. शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरून बसायची, वन्सं. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत नीट होतं. पाणी मागितलं, उशी मागितली, तुमची चौकशी केली. ते मात्र बोलल्या नाहीत. कौतुक तेवढं पदरात बांधून गेल्या.”

“वहिनी...”

“थांबा, बोलू द्या मला. तुमचा राग नाही मला. तुमच्या आईचा आहे. भयंकर राग आहे. पण मेलेल्या माणसाशी भांडता कुठे येतं? म्हणून ही चार वर्षं मी तुमच्यावर चिडत होते.”